परतीची वाट बंद करणारी सीमा

ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिका आणि मेक्सिको या दोन शेजाऱ्यांनी शेतमजुरांच्या भरतीचा करार केला आणि त्यानंतरची बावीस वर्षे मेक्सिकोतल्या भरतीकेंद्रांवर एकच दृश्य दिसत राहिले. रांगेतल्या माणसाला हात पुढे करायला सांगत. तळव्यावर घट्टे असले, की तो शेतीकामाचा माणूस ठरे आणि हात मऊ निघाले, की त्याला परत पाठवले जाई. या परीक्षेत उतरलेल्यांची कपडे उतरवून वैद्यकीय तपासणी केली जाई, त्यांच्या अंगावर डीडीटी फवारले जाई आणि कंत्राटावर सही किंवा अंगठा घेऊन त्यांना सीमेपलीकडच्या शेतांवर धाडले जाई. या मजुरांना ‘ब्रासेरो’ म्हणत. स्पॅनिशमध्ये ‘ब्रासो’ म्हणजे बाहू. हंगामापुरते बाहू यावेत, काम करावे आणि हंगाम सरताच परत जावेत, इतकीच त्या व्यवस्थेची अपेक्षा होती. मजुराची पिळवणूक तिच्यात उघड होती, तरीही तिच्या एका अंगाकडे लक्ष द्यायला हवे: ती माणसे खरोखरच परत जात होती.

शेजारी देशांमधल्या स्थलांतरावर मर्यादा घालण्याचा वाद बहुतेक वेळा सीमा उघडी असावी की बंद, या एका प्रश्नाशी येऊन थांबतो. मला ही मांडणीच चुकीची वाटते. आपल्या देशात कोणी आणि किती जणांनी राहावे, हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे आणि तो मी मान्य करूनच पुढे लिहीत आहे. माझा आक्षेप मर्यादेला नाही. ती ज्या जागी घातली जाते, त्या जागेला आहे. शेजारी देशातून येणारा बहुसंख्य माणूस कामासाठी येतो. ते काम, ते देणारा मालक आणि त्यावरची मजुरी यांना हात न लावता केवळ सीमेवर अडथळे उभारले, की येणे थोडे कमी होते आणि परत जाणे जवळजवळ थांबते. अशा वेळी आत राहणाऱ्यांची संख्या घटण्याऐवजी वाढते. अमेरिका–मेक्सिको सीमेचा गेल्या ऐंशी वर्षांचा इतिहास मला याचाच पुरावा वाटतो आणि म्हणून तो जरा तपशिलात पाहू.

१९४२ ते १९६४ या काळात ब्रासेरो योजनेखाली सुमारे ४६ लाख कंत्राटे झाली. एकच माणूस अनेकदा जाई, त्यामुळे माणसे याहून कमी होती. पण १९५६ मध्ये एका वर्षातच जवळजवळ साडेचार लाख कंत्राटे झाली होती, यावरून तिचा आवाका कळतो. योजनेच्या शेजारीच विनापरवाना मजुरीही चालत असे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस तर शेतावर सापडलेल्या बिनकागदाच्या मजुराला सीमेपर्यंत नेऊन तिथे त्याच्या हातात कंत्राट द्यायचे आणि त्याला पुन्हा त्याच शेतावर पाठवायचे, अशी पद्धत पडली होती. तिला अधिकाऱ्यांच्या बोलीत ‘सुकवणे’ म्हणत, कारण नदी पोहून आलेल्यांना ‘ओल्या पाठीचे’ असे हिणवले जाई. माणूस तोच, शेत तेच, काम तेच. सकाळी बेकायदा असलेला मजूर संध्याकाळी कायदेशीर होई. कायदेशीरपणा हा माणसाचा गुण नसून सरकारने दिलेल्या कागदाचा गुण आहे, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसते.

१९५२ च्या कायद्याने बेकायदा आलेल्या परदेशी माणसाला आसरा देणे हा गुन्हा ठरवला. त्याच कायद्यात एक अपवाद जोडण्यात आला: अशा माणसाला नोकरीवर ठेवणे म्हणजे आसरा देणे नव्हे. टेक्सासच्या शेतमालकांच्या आग्रहाने आलेली ही सवलत ‘टेक्सास परंतुक’ म्हणून ओळखली गेली आणि ती १९८६ पर्यंत टिकली. म्हणजे चौतीस वर्षे त्या देशाच्या कायद्यात मजूर गुन्हेगार होता आणि त्याच्या श्रमावर नफा कमावणारा मालक निर्दोष होता. स्थलांतरविरोधी राजकारणाच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घ्यायची असेल, तर मी आधी असे परंतुक शोधतो. ते बहुतेक ठिकाणी सापडते. कुठे कायद्याच्या अक्षरात असते, कुठे कधीच न होणाऱ्या तपासणीत.

१९६४ च्या अखेरीस ब्रासेरो योजना बंद झाली. १९६५ च्या कायद्याने पश्चिम गोलार्धातून येणाऱ्यांवर पहिल्यांदाच वार्षिक १,२०,००० ची मर्यादा घातली आणि १९७६ मध्ये प्रत्येक देशासाठी २०,००० चा आकडा ठरला. ज्या शेजाऱ्याकडून दरसाल लाखो माणसे कायदेशीरपणे येत-जात होती, त्याला इतर कोणत्याही दूरच्या देशाइतकाच वाटा मिळाला. कागदावर हे समान वागणुकीचे तत्त्व होते. शेतात मात्र काहीच बदलले नाही. टोमॅटो, लेट्यूस, द्राक्षे काढायला माणसे लागतच होती. ती ज्या गावांतून येत, ती गावेही तीच होती. बापाच्या ओळखीच्या मालकाकडे आता मुलगा जात होता. कालचा ब्रासेरो आज बेकायदा स्थलांतरित झाला, कारण त्याच्या पायाखालची वाट तशीच राहिली आणि हातातला कागद तेवढा गेला.

तरीही पुढची दोन दशके ही माणसे येत-जात राहिली, कारण सीमा ओलांडणे अवघड असले तरी शक्य होते. बाप आठ-दहा महिने तिकडे राबे, घराचे छप्पर घालण्यापुरते पैसे जमले की परत येई, मग पुन्हा गरज पडली की जाई. बायकामुले गावातच असत. तिकडे कायमचे राहणे हा बहुतेकांचा बेत नव्हताच.

१९९३ मध्ये एल पासो येथे आणि १९९४ मध्ये सान दिएगो येथे सीमेवर पोलिसांची भिंत उभी करण्याचे धोरण सुरू झाले, त्यानंतर हे चक्र मोडले. सीमा गस्ती दलात १९९० च्या दशकाच्या आरंभी सुमारे चार हजार माणसे होती. २०१० च्या सुमारास ती वीस हजारांच्या वर गेली. शहरांजवळच्या वाटा बंद झाल्या, तसे लोक ॲरिझोनाच्या वाळवंटातून जाऊ लागले. वाट दाखवणाऱ्या दलालांचे दर अनेक पटींनी वाढले. उन्हाने, तहानेने आणि थंडीने माणसे मरू लागली. १९९८ पासून सात हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद तर अमेरिकेच्या सीमा यंत्रणेनेच केली आहे, आणि वाळवंटात कोणाच्याही नजरेला न पडलेल्यांची नोंद कोण करणार? इतका पैसा आणि इतका जीव पणाला लावून पलीकडे पोहोचलेला माणूस दिवाळखोरीचा सौदा करून घरी का परतेल? तो तिकडेच थांबला, आणि गावाकडे जाणे जमेना म्हणून त्याने बायकामुलांना बोलावून घेतले. १९९० मध्ये अमेरिकेतल्या विनापरवाना रहिवाशांची संख्या सुमारे ३५ लाख होती आणि २००७ मध्ये ती १२२ लाखांच्या आसपास पोहोचल्याचा अंदाज आहे. हे सगळे मेक्सिकोचे नव्हते, आणि त्यांतले बरेच जण रीतसर व्हिसावर येऊन मुदत संपल्यावरही राहिलेले होते, ज्यांना कोणतेही कुंपण अडवू शकत नाही. तरीही सर्वांत कडक पहाऱ्याच्या काळातच ही संख्या तिपटीहून अधिक वाढली, ही गोष्ट उरतेच. डग्लस मॅसी या समाजशास्त्रज्ञाने मेक्सिकन गावांतल्या हजारो कुटुंबांच्या प्रवासाच्या नोंदी अनेक वर्षे गोळा केल्या आणि त्यांतून हाच निष्कर्ष काढला: पहाऱ्याने माणसे आत येण्याचे फारसे थांबले नाही, बाहेर जाण्याचे थांबले.

पुढे मेक्सिकोतून होणारे स्थलांतर ओसरले, तेही प्रामुख्याने वेगळ्याच कारणांनी. २००८ च्या मंदीत अमेरिकेतली बांधकामे थंडावली. १९६० च्या दशकात मेक्सिकन स्त्रीला सरासरी जवळजवळ सात मुले होत. नव्या शतकात हा आकडा दोनच्या आसपास आला, म्हणजे घर सोडून जाऊ शकणारी तरुण पिढीच लहान झाली. जन्मदर आणि मजुरी या दोन गोष्टी सीमेवरच्या पहाऱ्यापेक्षा बलवान ठरल्या. निवडणुकीच्या सभेत मात्र जन्मदराचा आलेख दाखवून टाळ्या मिळत नाहीत. कुंपण दाखवता येते, त्यासमोर उभे राहून छायाचित्र काढता येते, त्याची लांबी मोजून सांगता येते. कारखान्याच्या, शेताच्या किंवा हॉटेलच्या मागच्या दारी जाऊन मालकाचे वेतनपत्रक तपासणे हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, आणि ज्यांचे वेतनपत्रक तपासायचे, त्यांचाच निवडणूक निधीत वाटा असतो.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे. ते हलक्यात घेणाऱ्यांशीही माझे जमत नाही. मर्यादेची मागणी म्हणजे वंशद्वेष, असे सरसकट म्हणणारे लोक स्वस्त मजुरीचा फटका सहसा स्वतः सोसत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या शेतमजुरांचे नेते सेझार चावेझ हे स्वतः मेक्सिकन वंशाचे होते आणि तरीही ब्रासेरो योजना बंद व्हावी म्हणून ते झगडले, कारण संप पुकारला की मालक सीमेपलीकडून माणसे आणून तो मोडत असत. १९७४ मध्ये तर त्यांच्या संघटनेच्या लोकांनी ॲरिझोनाच्या सीमेवर स्वतःच पहारा लावला आणि त्यात मारहाणीचे प्रकारही घडले. त्या घटनेचे मी समर्थन करत नाही, पण तिच्यामागची हतबलता मला कळते. मात्र ब्रासेरो योजना बंद केल्याने स्थानिक शेतमजुरांची मजुरी वाढली का, हे मायकेल क्लेमेन्स आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी जुन्या नोंदींवरून तपासले, तेव्हा ब्रासेरोंवर अवलंबून असलेल्या आणि नसलेल्या राज्यांच्या मजुरीत काही फरक आढळला नाही. जिथे यंत्रे उपलब्ध होती, तिथे मालकांनी माणसांच्या जागी यंत्रे आणली, आणि जिथे नव्हती, तिथे ती पिके कमी केली. चावेझ यांच्या संघटनेला पुढे जे मिळाले, ते करारांतून आणि १९७५ च्या कॅलिफोर्नियाच्या शेतमजूर कायद्यातून. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात आखूड दांड्याची कुदळ वापरण्यावर बंदी आली. या कुदळीने काम करताना माणसाला दिवसभर कमरेत वाकून राहावे लागे आणि पाठ कायमची जायबंदी होई. ती बंदी सीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दोन्ही मजुरांच्या पाठीला सारखीच उपयोगी पडली.

कुंपणाने कधीच काही साधत नाही, असेही नाही. २०१५ मध्ये हंगेरीने सर्बियाच्या सीमेवर कुंपण घातले आणि तिथून येणाऱ्यांची संख्या काही आठवड्यांत घसरली. पण ती माणसे हंगेरीत राहायला आलेली नव्हती, पुढे जर्मनीकडे निघालेली होती, आणि त्यांतल्या अनेकांनी क्रोएशियाची वाट धरली. शेजारी देशाचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या ज्या गावात कामाला जातो, तिथला मामला निराळा असतो, कारण तिथे मालक त्याची वाट पाहत असतो.

युरोपमध्ये या प्रश्नाशी सर्वांत जास्त वेळा मतपेटीतून झुंजलेला देश म्हणजे स्वित्झर्लंड. युद्धानंतर तिथल्या बोगद्यांसाठी, धरणांसाठी आणि हॉटेलांसाठी शेजारच्या इटलीतून मजूर आले. त्यांच्यातल्या अनेकांना हंगामी परवाना मिळे: वर्षाला जास्तीत जास्त नऊ महिने काम आणि कुटुंब आणण्यास मनाई. कुटुंबाला मनाई असली, तरी माणसे मुलांना चोरून आणत. आईबाप कामावर गेले, की ती मुले दिवसभर बंद खोलीत आवाज न करता बसून राहत, शेजाऱ्यांना चाहूल लागू नये म्हणून. स्वित्झर्लंडमध्ये त्यांना आजही ‘कपाटातली मुले’ म्हणतात. मर्यादा घालताना जे आकडे ठरतात, त्यांच्या खाली अशी एखादी खोली असते.

जून १९७० मध्ये परदेशीयांचे प्रमाण प्रत्येक प्रांतात साधारण दहा टक्क्यांवर रोखण्याचा प्रस्ताव तिथे मतदानाला आला. मतदार केवळ पुरुष होते, कारण स्त्रियांना संघीय मताधिकार १९७१ मध्ये मिळाला. ५४ टक्क्यांनी तो फेटाळला. फेब्रुवारी २०१४ मध्ये वार्षिक कोटा पुन्हा आणण्याचा प्रस्ताव मात्र ५०.३ टक्के मतांनी मंजूर झाला. तेव्हा स्वित्झर्लंडला कळले, की शेजाऱ्याशी असलेल्या सीमेला दोन बाजू असतात. युरोपीय संघाशी झालेले सात करार एकमेकांत असे गुंतलेले होते, की मुक्त संचाराचा एक करार मोडला तर बाकीचेही संपुष्टात येणार होते. अखेर २०१६ मध्ये संसदेने कोटा बाजूला ठेवून सौम्य कायदा केला: जास्त बेकारी असलेल्या व्यवसायांतल्या रिकाम्या जागा आधी स्थानिक रोजगार कार्यालयांना कळवायच्या. सप्टेंबर २०२० मध्ये मुक्त संचारच संपवण्याचा प्रस्ताव ६१.७ टक्क्यांनी फेटाळला गेला.

या साऱ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती २००४ पासून लागू झालेली वेतनतपासणीची व्यवस्था. परदेशी कामगाराला स्थानिक दराने मजुरी मिळते की नाही, हे पाहण्यासाठी निरीक्षक बांधकामावर आणि कार्यशाळेत जातात, आणि कमी मजुरी देणाऱ्या कंपनीला दंड होतो. परका माणूस स्वस्त पडणार नसेल, तर त्याला आणण्याचे निम्मे कारण संपते, आणि उरलेल्या निम्म्यासाठी तो खरोखरच हवा असतो. ही मर्यादाच आहे. ती मालकाच्या दारात घातलेली आहे, एवढाच फरक.

भारतीय उपखंडात या प्रश्नाची दोन टोके शेजारी-शेजारी आहेत. ३१ जुलै १९५० च्या भारत–नेपाळ करारातील सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना परस्परांच्या देशात राहण्याचा, मालमत्ता घेण्याचा आणि व्यापार करण्याचा हक्क दिला. सुमारे १,७५० किलोमीटरच्या त्या सीमेवर व्हिसा लागत नाही. नेपाळी माणूस येतो, काम करतो आणि अनेकदा शेतीच्या हंगामाला घरी परततो; पुन्हा येता येईल याची खात्री असल्यामुळेच त्याला जाता येते. या व्यवस्थेतही मोठी उणीव आहे, कारण कोण आले, कोण गेले, कोणाची मजुरी बुडाली, याची नोंदच नसते आणि मजुराला दाद मागायला जागा नसते.

दुसरे टोक आसामचे आहे. तिथल्या माणसाची भाषेविषयीची आणि जमिनीविषयीची भीती खोटी नाही. १९७९ ते १९८५ पर्यंत चाललेले आंदोलन त्या भीतीतूनच उभे राहिले. १५ ऑगस्ट १९८५ च्या करारात २४ मार्च १९७१ ही अंतिम तारीख ठरली: तिच्यानंतर आलेले ते परदेशी. तिचा निकाल लावणारी नागरिक नोंदवही ३१ ऑगस्ट २०१९ ला प्रसिद्ध झाली, तेव्हा १९ लाखांहून अधिक लोक तिच्याबाहेर राहिले. आजोबांच्या नावातला एखादा काना-मात्रा चुकला, म्हणून भाऊ यादीत आणि बहीण बाहेर, असे प्रकार घडले. त्या १९ लाखांचे पुढे काय करायचे, याबद्दल मात्र शेजाऱ्याशी कोणताही करार नव्हता. बांगलादेश त्यांना आपले मानत नाही. जिथून माणूस आला असे आपण म्हणतो, तो देश त्याला परत घ्यायला तयार नसेल, तर सीमा बंद करण्याची आणि माणसे हाकलण्याची भाषा प्रत्यक्षात त्यांना अधांतरी ठेवण्यापलीकडे पोहोचत नाही. शेजाऱ्याशी बोलणी करणे हे म्हणूनच दुबळेपणाचे लक्षण नाही. ती मर्यादेची पहिली अट आहे.

मला योग्य वाटते ती रचना साधारण अशी आहे. कोणत्या क्षेत्राला किती माणसे लागतात, हे दोन्ही सरकारांनी मिळून दरवर्षी ठरवावे आणि तो आकडा संसदेत उघडपणे मांडावा. तो कमी असावा की जास्त, हे त्या देशाच्या जनतेने ठरवावे. परवाना एका मालकाला बांधलेला नसावा. अमेरिकेत आज शेतमजुरांसाठी एच-टू-ए नावाचा व्हिसा आहे आणि अलीकडे वर्षाला सुमारे तीन लाख व्हिसे दिले जातात. पण तक्रार केली की नोकरी जाते आणि नोकरी गेली की देशात राहण्याचा हक्कही जातो, त्यामुळे तो मजूर गप्प बसतो आणि त्याच्या गप्प बसण्याने स्थानिक मजुराचाही भाव पडतो. जो मुदतीत परत जाईल, त्याला पुढच्या वर्षीच्या परवान्याची हमी मिळावी. आणि भविष्यनिर्वाहासाठी त्याच्याकडून कापलेले पैसे त्याच्या गावात, त्याच्या हातात पडावेत, म्हणजे परत जाण्यात त्याचे नुकसान न होता फायदा होईल.

ही शेवटची कल्पना ब्रासेरो योजनेत होती. सुरुवातीच्या वर्षांत मजुरांच्या पगारातून दहा टक्के रक्कम कापून ती मेक्सिकोतल्या बँकेत ठेवली जाई, म्हणजे ती घेण्यासाठी ते परत येतील. ते परत आले. बहुतेकांना ती रक्कम मिळालीच नाही. अनेकांना आपले पैसे कापले गेल्याचेही माहीत नव्हते. साठ वर्षांनी न्यायालयात दावे झाले आणि २००८ मध्ये मेक्सिकन सरकारने अमेरिकेत राहणाऱ्या त्या जुन्या मजुरांना आणि त्यांच्या वारसांना प्रत्येकी सुमारे साडेतीन हजार डॉलर देण्याचे मान्य केले. ते मिळवण्यासाठी आपण ब्रासेरो होतो याचा कागद दाखवावा लागणार होता. ऐंशी-नव्वदीतली माणसे पेट्या उपसून त्या काळचे कंत्राट, पगाराची पावती, ओळखपत्र शोधू लागली. काहींना ते सापडले.